अण्णांनी साफ केलेलं आभाळ

मी काढलेल्या पहिल्या पक्ष्याच्या फोटोत पक्षी नाही. विहिरीचा रहाट आहे, मागे सुपारीची झाडं तिरकी उभी आहेत आणि खालच्या कोपऱ्यात एक भलामोठा, धुरकट अंगठा आहे. अंगठा माझा. रहाटावर खंड्या बसला होता हे माझ्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही. आणि मी कळ दाबेपर्यंत तो उडून गेला होता, हे मलासुद्धा फोटो धुऊन आल्यावरच कळलं.

ही केळव्याची गोष्ट, मामाच्या वाडीतली. मी शाळेत होतो. मामाने मुंबईहून आणलेला डबा कॅमेरा, खरोखरच डबा, पुढे एक भोक आणि बाजूला एक कळ, सुट्टीपुरता माझ्या हाती दिला आणि माझं जे काही व्हायचं होतं ते तिथेच झालं. बरोबरीची मुलं समुद्रात डुंबत असत आणि मी वेड्या राघूंमागे पोटावर सरपटत असे. त्या सुट्टीतल्या माझ्या फोटोंत पाखरं थोडी आणि पाखरं नुकतीच उडून गेलेल्या फांद्या फार. आजकाल कुणी मला 'निसर्ग-छायाचित्रकार' म्हणून शाल पांघरतं, तेव्हा मला त्या रिकाम्या फांद्या आठवतात आणि शाल जरा टोचते.

खरं तर मी फोटोग्राफरचाच मुलगा. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पालघरला स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं, मधे दिव्यांची खोली, मागे डार्करूम. दिव्यांच्या खोलीत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर एक तळं आणि तळ्यात एक राजहंस. आमच्या स्टुडिओत येऊन नीट बसून राहिलेला पक्षी तेवढाच.

अण्णांचं नाव होतं ते रिटचिंगसाठी. हा प्रकार आता कुणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं: पांढरं ते काळं, काळं ते पारदर्शक. ओल्या फिल्मवर चिकटलेला धुळीचा कण निघाला की तिथे टाचणीच्या टोकाएवढं पारदर्शक भोक राहतं, आणि फोटो छापला की त्या जागी काळा ठिपका उमटतो. चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांचंही तसंच. मग निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, आणि चार केसांच्या कुंचल्याने एकेक भोक तांबड्या रंगाने बुजवायचं; छापताना तो काळ्यासारखाच उजेड अडवतो. त्या काळी मुली दाखवायच्या आधी फोटो दाखवत. वाड्यापासून डहाणूपर्यंतच्या मुली अण्णांकडे येत आणि अण्णांच्या कुंचल्याखालून गुळगुळीत होऊन निघत. अण्णा म्हणायचे, "माझ्या दुकानातनं डाग बाहेर जात नाही."

डाग म्हटले की मी. माझ्या हातून धुतलेली फिल्म म्हणजे अण्णांना हमखास काम. मी ती वाऱ्याने लवकर वाळावी म्हणून खिडकीशी टांगत असे, आणि त्या वाऱ्यात आगगाडीच्या धुरापासून रस्त्यावरच्या धुळीपर्यंत सगळं असे. "मधू," अण्णा काचेवर वाकून म्हणायचे, "ही नवरीमुलगी आहे की रव्याचा लाडू?"

साठ ते सत्तरच्या मधली ती वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं होतं आणि बोईसर स्टेशनावर रोज नवीन माणसं उतरत होती. प्रत्येकाला पासासाठी एक फोटो हवा, गावी पाठवायला दुसरा. अण्णांनी बोईसरला एक गाळा बघून ठेवला आणि जेवताना जाहीर केलं, "तो गाळा मधूचा."

मला तो गाळा डोळ्यांपुढे दिसला. दिवसभर एका खुर्चीवर माणूस बसवायचा, 'हनुवटी वर' म्हणायचं, तो उठला की दुसरा बसवायचा. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, मला पाखरांचे फोटो काढायचेत."

"काढ की. पण पाखरं काही जास्तीच्या कॉपी मागायला येत नाहीत."

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या एका साप्ताहिकाचे संपादक केळव्याला हवा पालटायला आले होते. घरच्यांचा फोटो काढायला त्यांनी आम्हाला बोलावलं. अण्णा त्यांच्या कुटुंबाला नारळीखाली बसवत होते, तेवढ्यात मी माझ्या फांद्या त्यांना दाखवल्या. त्यांनी त्या सभ्यपणे पाहिल्या आणि म्हणाले, "तुमच्या किनाऱ्याचं असं एक चित्र आणा की पान उलटणारा हात थांबेल. पावसाळ्याच्या आत आणलंत तर दिवाळी अंकात घेऊ. पुढेही काम देऊ."

अण्णांच्या कानावर हे गेलंच. परतताना ते म्हणाले, "ठीक. छापून आलं तर तू तुझा मोकळा. नाही आलं तर पावसाळ्यानंतर बोईसर. पुन्हा तोंड वाकडं करायचं नाही."

म्हणजे सगळं एका फोटोवर आलं. तो कुठे मिळणार हे मला माहीत होतं. मुरब्याला खाडीच्या तोंडाशी ओहोटीला चिखलाचं मैदान उघडं पडतं. तिथे थंडीत चिखल्या नावाची बारकी पाखरं उतरतात. चिमणीहून जराशी मोठी, पाठ चिखलाच्या रंगाची, पोट पांढरं. एकेकटी असली तर नजरेत भरत नाहीत. पण ती एकेकटी नसतातच. हजारोंचा थवा उठतो आणि हवेत एकाच वेळी वळतो. पाठी आपल्याकडे असल्या की आभाळ काळवंडतं, पोटं आली की लखकन चमकतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खांद्यावर कॅमेरा आहे हेच विसरलो होतो.

दुसऱ्यांदा विसरलो नाही. तेव्हा वेगळं काही विसरलो. तोवर माझ्याकडे दोन भिंगांचा कॅमेरा आला होता. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघतो. खाऱ्या वाऱ्याने भिंग खराब होऊ नये म्हणून मी खालच्या भिंगाला औषधाच्या बाटलीचं झाकण बसवत असे. त्या दिवशी थवा माझ्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. वरच्या भिंगात सगळं लख्ख दिसत होतं. मी बाराच्या बारा फोटो काढले, रोल संपवला, समाधानाने कपाळाचा घाम पुसला आणि भिंगाला झाकण बसवायला गेलो. ते बसलेलंच होतं.

अण्णांनी तो रोल उजेडात धरला. "छान. बारा फोटो आणि बाराही अमावास्येचे."

त्यानंतर ढग आले, मग लग्नाचे मुहूर्त आले, आणि मी परत मुरब्याला पोचलो तेव्हा शिमगा होऊन गेला होता. खाडीवर हिराबाय भेटली. हिराबाय मुरब्याची, पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. तिच्या थोरलीचा फोटो आमच्याकडेच काढलेला.

"कुटं निगालास रं फोटोवाल्या?"

"पाखरं बघायला, हिराबाय."

"शिमगा झाला, आता कसली पाकरां? गेली आपल्या मुलखाला. त्यापरीस आमच्या धाकलीचा फोटो काड. ती तरी जागंवर बसल."

"ती लाजते हो."

"तुला बगून? तुला बगून बोंबील पन लाजायचा नाय!"

बरोबरच्या बायका खदखदून हसल्या आणि चिखलातल्या निवट्या मासोळ्या धरायला पांगल्या. मी त्यांच्या पाऊलवाटेने न जाता मधूनच तिरका निघालो. पाणी समोर दिसत होतं आणि मला घाई होती. सुरुवातीला चिखल घोट्यापर्यंत होता. मग पोटऱ्यांपर्यंत. मग मी पुढचं पाऊल टाकलं आणि ते खाली जातच राहिलं. मागचं काढायला जोर लावला तर तेही गेलं. मांड्यांपर्यंत रुतलो तेव्हा लक्षात आलं की मी आता कुठेही जात नाही.

आणि भरती लागली होती. समोर पाण्याची एक बारीक, चकाकती कड चिखलावरून माझ्याकडे सरकत होती.

ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या कडेच्या पुढे पुढे, पाणी ढकलेल तशी, पाखरं पळत येत होती. चिखलच पळतोय असं वाटावं इतकी. एरवी ती मला दगडफेकीच्या अंतरावरसुद्धा येऊ देत नसत. पण पाय नसलेला माणूस बहुधा त्यांच्या लेखी माणूस नसावा. मी म्हणजे तिवराचं एक खोड. ती माझ्या उजवीकडून गेली, डावीकडून गेली. एक तर माझ्यासमोर थांबलं, चिखलातून काहीतरी ओढून काढलं, ते गिळलं आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यात उन्हाचा एक ठिपका होता. मी श्वास घेत नव्हतो. पाण्याचं भय विसरलो, बोईसर विसरलो. आपण अंगठ्यासकट, झाकणासकट आजवर ज्याच्यामागे सरपटलो ते आपल्याभोवती येऊन चरतंय आणि त्याला आपली पर्वाच नाही, ह्याचा आनंद काय सांगावा!

हात मात्र चालू होते. झाकण नव्हतं, ते मी तीनदा बोटाने चाचपून पाहिलं. एकच फोटो उरला, तेव्हा मागून आरोळी आली.

"आरं मेल्या! हलू नको! हललास का आत जाशील!"

हिराबाय आणि आणखी एक बाई होडीतली फळी चिखलावरून ढकलत येत होत्या.

"पालता पड! फळीवर पालता पड!"

"कॅमेरा आहे हो गळ्यात!"

"मंग त्याला बी पालता पाड! पानी आलं मांडीला!"

"थांबा हिराबाय, एकच राहिलाय!"

"एकच काय, तू पन एकच हायस तुज्या बापाला!"

तिच्या त्या आवाजाने थवा उठला. सगळा. आधी आवाज आला, ओल्या साड्या कुणी एकदम झटकाव्यात तसा, आणि मग आभाळ गेलं. म्हणजे दिसेनासं झालं. ती माझ्या डोक्यावरून खाडीवर गेली, लखलखली, आणि वळली. वळताना एका क्षणी सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. पांढुरक्या आभाळावर काळे ठिपके, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्या ठिपक्यांना एक आकार, आणि आकार श्वास घेतल्यासारखा फुगतोय. मी कळ दाबली.

शिव्या थांबल्या होत्या. मी मागे पाहिलं. हिराबाय फळीवर गुडघे टेकून, तोंड वर करून बसली होती.

"आई माजे," ती हळूच म्हणाली. "हायेत की अजून."

मग तिने मला काखेत धरून असं ओढलं की चिखलातून मी निघालो, चपला राहिल्या आणि पायजम्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोल धुतला. शेवटची चौकट उजेडासमोर धरली. आभाळ निगेटिव्हमध्ये काळंभोर उतरलं होतं आणि त्या काळ्यात असंख्य चमकत्या टाचण्या. सगळी पाखरं आली होती. फिल्म वाळत टाकली, तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. बोईसरच्या गाळ्याचा मालक वाट बघत होता. जाऊन माप घेऊन यायचं होतं.

गाळा चांगला होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. मी टेप लावत होतो, तर दारात एक मजूर उभा. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा पाहून म्हणाला, "भैया, गाँव फोटो भेजना है। पीछे समंदर आना चाहिए।"

"समंदर यहाँ कहाँ? वो तो उधर, तारापूर में।"

"तो परदे पे बनवा लो ना।"

मी हसलो आणि मग हसू विरलं. दोन-तीन कोसांवर खरा समुद्र असताना मी जन्मभर पडद्यावरच्या समुद्रापुढे माणसं बसवणार होतो. वाचवणारी एकच चौकट होती, आणि ती पालघरला खिडकीशी वाळत होती.

संध्याकाळच्या आत परतलो. अण्णा रिटचिंगच्या काचेमागून उठले. डोळे लाल, बोटांना तांबडा रंग, पण चेहरा असा प्रसन्न की मी तसा फार वेळा पाहिलेला नाही.

"ये. तुझा तो चिखलाचा फोटो पाहिला. पुढचं पाणी सुंदर आलंय रे, रेघ बघ कशी चमकते. पण पुन्हा खिडकीशी टांगलास ना? सगळं आभाळ धुळीने भरलेलं. हे त्या संपादकापुढे नेलं असतंस तर हसला असता." त्यांनी निगेटिव्ह अलगद उचलून माझ्यासमोर धरली. "जेवायला उठलो नाही. सगळं आभाळ साफ केलंय. खालच्या बाजूला ते चार कावळे तेवढे ठेवलेत, शोभेला. अगदीच ओकंबोकं नको."

आभाळ काळंभोर होतं. एकही टाचणी नाही. इतकं सफाईदार काम अण्णांनी कुठल्या नवरीमुलीवरही केलं नसेल.

मला रडू यावं की हसू, ते ठरेना. माझी सुटका रंगाखाली बुजली होती, हे तर होतंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे की, हा माणूस दिवसभर उपाशी बसून माझा फोटो छापून यावा म्हणून झटत होता. बोईसरला मी जाऊ नये म्हणून.

"अण्णा," मी म्हटलं, "ती धूळ नव्हती. पाखरं होती."

"कुठली?"

"सगळी."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थट्टा करतोस?"

"नाही हो. आणि ते चार कावळे नाहीत. तीही तीच पाखरं आहेत, फक्त जवळून गेलेली."

त्यांनी निगेटिव्ह पुन्हा काचेवर ठेवली आणि डोळे तिच्याजवळ नेले. मग एकदम घाईने म्हणाले, "पाण्याचा रंग आहे, निघेल. पेन्सिल घेणार होतो, पण इतके ठिपके पेन्सिलीने... पाणी आण. स्वच्छ ताट आण. तू हात लावू नकोस."

निगेटिव्ह ताटातल्या पाण्यात बुडवून त्यांनी ती रिटचिंगच्या काचेच्या उजेडावर धरली आणि ओल्या कापसाने, तान्ह्या मुलाचे डोळे पुसावे तशी, पुसायला लागले. आधी काही झालं नाही. मग काळ्यात एक टाचणी चमकली. मग तिच्या बाजूला दुसरी. मग कापूस जिकडे फिरेल तिकडे उजेडाची भोकं पडत गेली, पाणी तांबूस होत गेलं आणि अख्खं आभाळ चांदण्यांनी भरलं. "अजून आहेत," अण्णा पुटपुटत होते. "इथे पण आहेत. अरे देवा, इथे पण."

डार्करूममध्ये त्यांनीच कागद टाकला. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, तांबड्या दिव्याखाली पांढरा कोरा कागद औषधात बुडतो आणि त्यावर सगळ्यांत आधी उमटतं ते सगळ्यांत काळं असतं. त्यामुळे आमच्या कागदावर आधी ना चिखल आला, ना पाणी, ना आभाळ. आधी आली फक्त पाखरं. कोऱ्या पांढऱ्यावर, कशाच्याही आधाराशिवाय, कुठून तरी येत गेली, दाट होत गेली, वळली. त्यांच्यामागे सावकाश आभाळ आलं, जणू ती आली म्हणून त्यालाही यावं लागलं.

अण्णा चिमटा हातात धरून तसेच उभे. कागद जास्त काळा होणार म्हणून शेवटी मीच त्यांच्या हातातला चिमटा घेतला.

"आणि मी दिवसभर ह्यांना मारत बसलो होतो," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "अजून आहेत का ती तिथे?"

तो फोटो पुढे दिवाळी अंकात छापून आला, हे तुम्ही ओळखलं असेलच; नाहीतर मी आज हे लिहीत नसतो. त्यानंतर मी बिबटे काढले, गरुड काढले, एकदा एका अजगराला ओंडका समजून त्यावर बसायला गेलो, ते असो. पण माझा निकाल अंकात लागला नाही. तो त्याआधीच लागला, संपादकांनी पाकीट उघडायच्या आत.

दुसऱ्याच दिवशी, लग्नाच्या ऐन हंगामात, बाहेर बाकावर एक अख्खं वऱ्हाड बसलेलं असताना अण्णांनी त्यांना उद्या यायला सांगितलं, स्टुडिओला कुलूप घातलं आणि मला म्हणाले, "चल."

मुरब्याला पोचलो तेव्हा ओहोटी सरून भरती लागत होती. ह्या वेळी मी हिराबायने सांगितलेल्या पाऊलवाटेने गेलो. अण्णांनी बूट हातात घेतले, धोतर खोचलं आणि चिखलाच्या कडेला उभे राहिले. जन्म पालघरात गेला, पण ह्या बाजूला ते मासळीच्या निमित्तानेसुद्धा आले नव्हते. माझ्याकडे कॅमेरा होता. त्यात रोल भरायला मी विसरलो होतो.

थवा उठला. खाडीवर गेला, काळवंडला, आणि वळताना असा चमकला की अण्णांचा हात आपोआप डोळ्यांवर गेला. पाणी त्यांच्या पायांना लागलं, घोट्यांवर चढलं. मला माझी अवस्था आठवली. मी म्हटलं, "अण्णा, मागे या, भरती आहे." ते हलले नाहीत. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, आणि मनात दडपून ठेवलेलं होतं म्हणूनही, मी विचारलं, "बोईसरच्या गाळ्याचं काय करायचं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बूट धरलेला हात त्यांनी मला गप्प करायला वर केला.

"थांब रे जरा," ते म्हणाले. "परत वळतायत."